अकराच्या सभेला न आलेलं कमळ

पंधरा ऑगस्टला आमच्या पनवेलच्या सोसायटीत झेंडावंदन झालं की माइक थोडा वेळ रिकामा राहतो. रिकामा माइक मला बघवत नाही. यंदा मी तो उचलला आणि म्हणालो, "कमळ आपलं राष्ट्रीय फूल, आणि आपल्या सोसायटीत एक तरी कमळ आहे का? प्रत्येक गॅलरीत एक लागलं पाहिजे!" टाळ्या कडाडल्या. त्या जिलेबीचं खोकं उघडलं म्हणून होत्या, हे मला मागाहून समजलं.

तोवर मी हयातीत लावलेलं एकमेव झाड म्हणजे मनी प्लांट, आणि तो बाटलीतच वारला होता.

तरी मी हौसेने लिफ्टमध्ये 'घरोघरी कमळ' असा कागद चिकटवला. झालं! शेजारी म्हणाले, "काका, तिकीट पक्कं वाटतं!" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर "आम्ही मत कुणाला सांगत नाही हं," म्हणून दार लोटलं. तेव्हा ठरवलं, आधी कमळ फुलवून दाखवायचं आणि मग बोलायचं. हा क्रम माझ्या स्वभावाला नवीनच होता.

नेऱ्याच्या रस्त्याला एक रोपवाला बसतो.

"कमळ आहे का?"

"हाय ना काका."

"नक्की कमळच ना?"

"कमलच हाय. फूल आल्यावर बगा, नाय म्हनाल तर परत आना."

घरी बायकोने बादलीत वाकून पाहिलं. "अहो, हे…" एवढंच ती म्हणाली. मी तेव्हा चिखलातून वर येणारं सौंदर्य या विषयावर बोलत होतो. माझं संपेपर्यंत ती कुकर लावायला गेली होती.

उलव्याच्या एका बांधकामावरून निळं प्लास्टिकचं पिंप आणून अर्धं कापलं आणि गेटजवळ मांडलं. आत माती, पाणी, रोप, आणि वर पाटी: 'आपले राष्ट्रीय फूल'. चेअरमन आले. "साहेब, डेंग्यूची शेती करताय का?" मी धावत जाऊन डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे घेऊन आलो. बायको म्हणाली, "घरात एक गप्पी होता तो पुरत नव्हता?"

चेअरमनचं समाधान मात्र झालं नाही. त्यांनी निकाल दिला: येत्या रविवारी अकरा वाजता सभा आहे. तोवर फूल दिसलं तर पिंप राहील, नाहीतर सोमवारी सकाळी तुमचं राष्ट्रीय पाणी गटारात.

आणि काय सांगू, शनिवारी दुपारी कळी टम्म फुगली! मला अवसान चढलं. कुणाची आधीच नजर लागू नये म्हणून मी पिंपाभोवती चार काठ्या रोवून त्यावर जुनी साडी घातली. अनावरण करायचं होतं ना!

रविवारी अकराला सगळे जमले. मी छोटंसं भाषण केलं. छोटंसं म्हणजे दोन जण खुर्च्या आणायला गेले, एवढं. चेअरमननी साडी ओढली. आत कळी होती, मूठ आवळून बसलेली.

"लाजतंय," मी म्हणालो.

"तुमच्यावर गेलं नाही म्हणजे," मागून बायकोचा आवाज आला. लोक हसत पांगले. चेअरमननी वॉचमनला सांगून टाकलं, उद्या सकाळी पिंप उपडं करा.

दिवेलागणीला मी तांब्या आणि लोणच्याची रिकामी बरणी घेऊन खाली उतरलो. निदान मासे तरी वाचवावेत. वाकलो, तर पिंपात पांढरंशुभ्र फूल! ताटलीसारखं उघडलेलं. फिरून परतणारी माणसं थबकली. "अरे, काकांचं कमळ!" मोबाइल निघाले. दुधाची पिशवी घेऊन चेअरमनही आले.

"सकाळी काय झालं होतं मग?"

अडचणीत सापडलं की मला शाळेतलं मराठी आठवतं. "चंद्रविकासी, साहेब! चंद्रविकासी कमळ. दिवसा मिटतं, संध्याकाळी उमलतं."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि फुलाचा एक फोटो काढला. मग म्हणाले, "बरंच आहे की. सकाळी इथे बघायला असतो कोण? सगळे डबा घेऊन पळतात. राहू दे पिंप."

मी जिने चढत वर गेलो, लिफ्टची वाट बघायला सवड नव्हती. बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"पोयनी आहे ती, तुमच्या पुस्तकातलं रात्री फुलणारं कुमुद," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "आमच्या गावच्या तळ्यात ढीगभर असायची. कमळ नाहीच ते."

"तुला कधी कळलं?"

"बादलीत बघितलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"'अहो, हे' इथपर्यंत पोचले होते की."

पिंप अजून तिथेच आहे. संध्याकाळी लोक चप्पल घासत थांबतात, फूल बघतात, वर जातात. पाटीवरचं 'राष्ट्रीय' मी पुसलं. पण माइकवर दिलेला शब्द स्वस्थ बसू देईना. परवा पुन्हा नेऱ्याला गेलो, यावेळी बायकोला घेऊन.

"कमळ आहे का? खरं, सकाळी उमलणारं?"

"हाय ना काका."

बायको बादलीवर वाकली. "अहो, हे…" म्हणाली. माझ्या तोंडात सूर्यविकासी कमळांवरचं एक सुंदर वाक्य तयार होतं. ते गिळलं आणि थांबलो.

"हीपण पोयनीच आहे," ती म्हणाली.