सहीच्या वरची ओळ

कुरियरवाल्याने आणलेला मिक्सरचा खोका एका कोपऱ्यात चेपलेला होता. माझी सून सहीच्या आधी कागदावर लिहू लागली, "खोका चेपलेला मिळाला."

"ताई, नुसती सही करा हो. सगळे तेच करतात."

"सगळ्यांचे मिक्सर चालू निघत असतील," ती म्हणाली आणि लिहून मगच तिने सही केली.

'नुसती सही करा' हे माझंच वाक्य. कालव्यासाठी जमिनी घेतल्या तेव्हा मी भूसंपादन कार्यालयात कारकून होतो. शाळेच्या व्हरांड्यात मोबदला वाटत होतो. सहीच्या वर 'हरकत राखून रक्कम घेतली' असं लिहिणाऱ्याला वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाता येई. न लिहिणाऱ्याची ती वाट बंद होई. जमीन गेलेल्या महादूअण्णांनी विचारलं, "भाऊसाहेब, वर काही लिहायचं असतं का?" मला जेवायला जायची घाई होती. मी ते वाक्य म्हणालो.

त्यांच्या बांधाशेजारच्याला वकील मेहुण्याने सांगून ठेवलं होतं. त्याने लिहिलं, आणि पुढे त्याला वाढवून मिळालं. अण्णांच्या घरात मात्र अजून म्हणतात, म्हाताऱ्याने कुणाला विचारलंसुद्धा नाही. अण्णा हे ऐकतच वारले.

कायद्यातला उपाय कधी कधी एका ओळीएवढाच असतो. पण टेबलापलीकडच्या माणसाने ती ओळ सांगायला हवी.

मी चपला घातल्या.

"एवढ्या उन्हात कुठं निघालात?" सुनेने विचारलं.

"महादूअण्णांच्या मुलाकडे. अण्णांनी विचारलं होतं, एवढं सांगून येतो."