दौलतराव घागांची सुधारित बोली

दौलतराव घाग एसटीच्या खोपट आगारात एकतीस वर्षं होते, आणि त्यातली बावीस वर्षं त्यांनी माइकसमोर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय आणि कुठली आज येणारच नाही, हे प्रवाशांना सांगणं हे त्यांचं काम. आवाज खणखणीत. आजही घरी ते मीठ मागतात तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक जेवताना थांबतात.

निवृत्तीनंतर माइक सुटला, ब्रिज मात्र सुटला नाही. हा खेळ त्यांना आगारातल्या एका अभियंत्याने शिकवला होता. बाकीचं आगार मेंढीकोट खेळायचं, त्यामुळे ब्रिज खेळणाऱ्या माणसाकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघत. दौलतरावांना ती नजर आवडली आणि ते टिकले. आता कळव्यात त्यांच्या सोसायटीच्या सभागृहात दर शनिवारी दुपारी तीन टेबलं लागतात. बारा माणसं, तीन कॅट, दोन वेळा चहा.

ब्रिज हा चौघांचा खेळ. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. आधी बोली लावायची, म्हणजे आपल्या हातात काय आहे ते 'एक बदाम', 'दोन किलवर' अशा ठरलेल्या शब्दांत भिडूला कळवायचं. मग ज्या जोडीची बोली सर्वांत चढी, तिच्यातला तो रंग आधी बोललेला खेळतो आणि त्याच्या डावीकडचा गडी पहिलं पान टाकतो. ही उतारी. ती चुकली की पुढे तासभर त्यावर बोलता येतं, म्हणून उतारवयात हा खेळ प्रकृतीला मानवतो. नियम एकच कडक आहे. ठरलेल्या शब्दांपलीकडे भिडूला काही म्हणजे काही कळवायचं नाही. खोकायचं नाही, भुवई उडवायची नाही, उसासा टाकायचा नाही.

या नियमाचे कळव्यातले राखणदार म्हणजे दौलतराव. एकदा त्यांनी एका गृहस्थांना भर डावात शिंकल्याबद्दल डाव पुन्हा वाटायला लावला होता. "शिंक खरी होती हो," ते गृहस्थ नाक पुसत काकुळतीला आले. "शिंक खरी असेल," दौलतराव म्हणाले, "पण वेळ संशयास्पद आहे."

त्यांचा भिडू गुणाजी नाखवा. कळव्याच्या खाडीकाठचा कोळी, एसटीत ड्रायव्हर होता. वीस वर्षं दौलतरावांनी माइकवर गाडी पुकारायची आणि गुणाजीने ती काढायची, असा दोघांचा संसार. या जोडीने कळव्याचा वार्षिक कप सलग तीन वर्षं जिंकला. तिन्ही कप दौलतरावांच्या टीव्हीशेजारी उभे आहेत, आणि ते आपल्या अभ्यासामुळे आले याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. गुणाजीचा अभ्यास नव्हता. गुणाजी नुसता खेळायचा.

यंदा डोंबिवलीच्या मोठ्या स्पर्धेत उतरायचं ठरलं तेव्हा दौलतरावांनी शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर 'बोली : सुधारणा', पन्नासाव्यावर 'उतारी : सुधारणा'. दोन महिन्यांत त्रेचाळीस नियम झाले. भिडूने रंग बोलला असेल तर तोच उतरावा, भिडू गप्प असेल तर आपल्या लांब रंगातलं चौथं पान उतरावं, वगैरे. लाल शाईत पोटनियम. वही त्यांनी गुणाजीच्या हातात ठेवली. गुणाजीने ती दोन मिनिटं उलटीपालटी केली.

"अक्षर चांगलं हाय तुझं," तो म्हणाला.

"अरे, वाच ना!"

"तू बोल रं. तू बोललास का मना कलतं."

हे दौलतरावांना कौतुक वाटलं. इथेच सगळा घोटाळा होता.

डोंबिवलीला दोघे गुणाजीच्या भाच्याच्या गाडीतून गेले. हॉलमध्ये चौदा टेबलं, आणि प्रत्येक टेबलाच्या चारही कोपऱ्यांत एकेक छोटी पेटी. पेटीत छापील कार्डं : 'पास', 'एक किलवर', 'एक चौकट'. बोली तोंडाने लावायची नाही, कार्ड काढून टेबलावर ठेवायचं. पंच म्हणून संचिता नावाची एक तिशीतली मुलगी होती. तिने हसून सांगितलं, "काका, इथे कोणी एक शब्द बोलायचा नाही. म्हणजे कुणाच्या सुरावरून कुणाला काही कळायला नको."

"उत्तम!" दौलतराव गरजले. चौदा टेबलांनी मान वळवून पाहिलं.

तिसऱ्याच डावात दौलतरावांनी 'एक बदाम'चं कार्ड ठेवलं. बदामं पाच होती, पण सगळी दुऱ्या-तिऱ्या. गुणाजीने बदाम उतरलं आणि विरुद्ध जोडीला एक हात फुकट मिळाला. पुढे पुन्हा 'एक बदाम'. या वेळी दौलतरावांकडे एक्का, राजा, सगळा दरबार होता. गुणाजी मागच्या डावाने पोळलेला. त्याने इस्पिक उतरलं आणि दरबार जागच्या जागी मेला. दुपारच्या जेवणाला ते अठ्ठावीस जोड्यांत चोविसावे होते. संध्याकाळी सत्ताविसावे. अठ्ठाविसावी जोडी जेवून घरी गेली होती.

परतताना गाडी गुणाजी चालवत होता. शीळफाट्यापर्यंत दौलतराव एकटेच बोलत होते.

"नियम अकरा! भिडूने रंग बोलला तर तोच उतरावा. मी बदाम दाखवलं होतं की नव्हतं?"

"दाखवलं होतंस."

"मग?"

गुणाजीने गाडी बाजूला घेतली. "दौलत, तू दाखवलंस. पन कसलं बदाम ता मना काय ठावं? कल्व्यात तू बोलतंस तवा कलतं. पानं चांगली असली का तू गाडी लागल्यावानी बोलतंस. 'एऽक बदाऽम!' आनि भिकार असली का गाडी रद्द झाल्यावानी. हलू, जरा वाईट वाटून घेऊन. वीस वर्सं ऐकतोय मी तुला. तुझ्या आवाजावरनं मना कलायचं, आता गाडी काढायची का चा घ्यायची."

दौलतराव अवाक झाले. हा प्रसंग त्यांच्या आयुष्यात दुर्मीळ होता.

"म्हणजे मी तुला खुणा करतो? मी?"

"खुना नाय रं. तुझा आवाजच तसा हाय."

"आणि तू त्यावरून उतारी करतोस!"

"मंग काय वहीवरनं करू?"

यावर दौलतराव जे बोलले ते बोलायला नको होतं. ते म्हणाले, "गुणाजी, तुला ब्रिज येत नाही. तुला ऐकायला येतं." गुणाजीने गाडी सुरू केली आणि कळवा येईपर्यंत गिअरशिवाय कशाचाही आवाज झाला नाही. उतरताना तो एवढंच म्हणाला, "टिपनीस मना भिडू व्हायला इचारतोय. महिना झाला."

प्रशांत टिपणीस म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, कळव्यातले दुसऱ्या क्रमांकाचे खेळाडू. त्यांचा भिडू मुलीकडे बंगलोरला राहायला गेल्यापासून त्यांच्या समोर साकेत नावाचा एक दंतवैद्य बसायचा. तो अजून किलवर आणि इस्पिक यांत गोंधळायचा. गुणाजी तिकडे गेला तर दंतवैद्य दौलतरावांच्या वाट्याला येणार, हे सांगायला वहीची गरज नव्हती.

घरी शिरताच त्यांनी बायकोला हाक मारली. शालनताईंना पत्त्यांतलं काही कळत नाही. घरी कधी टेबल लागलं तर त्या स्वयंपाकघरात असतात.

"शालन, मी बोली लावतो तेव्हा तुला काही कळतं?"

"सगळं कळतं," त्या कणीक मळता मळता म्हणाल्या.

"तुला ब्रिज येत नाही!"

"येत नाही. पण तुम्ही जोरात ओरडलात की चहाला वेळ आहे, डाव रंगणार. मेल्यासारखं बोललात की मी आधण ठेवते. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठीच तसं बोलता."

दौलतराव सोफ्यावर बसले. टीव्हीशेजारी तीन कप चमकत होते. शिंकणाऱ्या माणसाला डाव पुन्हा वाटायला लावणारे आपण, तीन वर्षं भर सभेत, भरघोस आवाजात, भिडूला पानं सांगत होतो! त्यांनी संचिताला फोन लावला. तिने शांतपणे सांगितलं, "काका, सुरावरून विरुद्ध जोडीने अंदाज बांधला तर चालतं, ती त्यांची जबाबदारी. भिडूने बांधला तर नाही चालत." दौलतरावांना जेवण गेलं नाही. म्हणजे एक पोळी कमी गेली.

पुढचा आठवडा घरात सराव चालला. दौलतराव बाहेर पानं हातात घेऊन 'एक बदाम' म्हणायचे आणि आतून शालनताई निकाल द्यायच्या. सोमवारी "चांगली आहेत." मंगळवारी "भिकार, आणि तुम्हाला ॲसिडिटी झालीय." बुधवारी बोलीऐवजी चुकून 'फलाट क्रमांक तीन' निघून गेलं. गुरुवारी त्यांनी एकदाच, पोस्टाच्या शिक्क्यासारखं सपाट, "एक बदाम" म्हटलं. आत लाटणं थांबलं. मग शालनताई दारात आल्या, "अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?" दौलतराव पास झाले होते.

शनिवारी ते तिन्ही कप कापडी पिशवीत घालून सभागृहात गेले. गुणाजी आला होता, टिपणिसांशेजारी उभा होता. दौलतरावांनी कप टेबलावर मांडले.

"मंडळी, हे कप मी परत करतोय. गेली तीन वर्षं माझ्या आवाजावरून माझ्या भिडूला माझी पानं कळत होती. हा नियमभंग आहे. दोष माझा आहे, गुणाजीचा नाही."

मग ते शिंकणारे गृहस्थ म्हणाले, "बसा हो घाग. आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमचा आवाज. अहो, तुमची पानं सगळ्या सभागृहाला कळतात. पलीकडच्या टेबलावरचे लोकसुद्धा आपला डाव थांबवून ऐकतात."

"मी तर माझी उतारी त्यावरच ठरवतो," टिपणीस म्हणाले. "तुम्ही हळू आवाजात चौकट म्हणालात की मी डोळे मिटून चौकट उतरतो. गेल्या वर्षी माझे निम्मे हात तुमच्या घशातून आले."

दौलतराव गोंधळले. आठवडाभर ज्या पापाने झोप उडाली होती, ते तर सार्वजनिक निघालं. "पण मग... सगळ्यांना कळत होतं तर आम्ही जिंकलो कसे?"

सगळे छताकडे बघू लागले. शेवटी टिपणिसांनाच बोलावं लागलं. "गुणाजी खेळतो ना."

लबाड नव्हतो एवढा आनंद पदरात पडेपर्यंत विद्वानही नव्हतो हे कळलं. दौलतराव काही क्षण दोन्हींचा हिशेब लावत उभे राहिले आणि मग गुणाजीकडे वळले.

"गुणाजी, गाडीत बोललो ते चुकलं."

"हां," गुणाजी म्हणाला. त्याने ते नाकारलं नाही, हे विशेष.

"मग आजपासून गुणाजी माझ्याकडे ना?" टिपणिसांनी घाईने विचारलं. दंतवैद्य दौलतरावांकडे बघून ओशाळं हसला.

"यक डाव याच्यासंग खेलतो," गुणाजी म्हणाला. "मंग सांगतो."

चौघे बसले. दौलतरावांसमोर गुणाजी, टिपणिसांसमोर दंतवैद्य. पानं वाटली गेली. दौलतरावांनी हात उघडला. बदामाचा एक्का, राजा, गुलाम, दश्शी आणि एक बारकं पान. वर किलवरचा एक्का. त्यांनी गुरुवार आठवला आणि ते म्हणाले, "एक बदाम."

सभागृहात असा शब्द या आवाजात कोणी ऐकला नव्हता. पलीकडच्या टेबलावर एकाने "काय म्हणाले?" असं विचारलं. टिपणीस चाचपडले. हात चांगला होता, बदामाची राणी होती, पण आज कळत काहीच नव्हतं. "एक नोट्रम," त्यांनी बिनहुकमी डावाचं धाडस केलं. गुणाजी पास. दंतवैद्याने कपाळावर आठ्या घालून पानं तीनदा मोजली आणि म्हणाला, "तीन नोट्रम." सगळे पास. नोट्रम आधी टिपणीस बोलले होते, म्हणजे तेरातले नऊ हात त्यांनी करायचे आणि उतारी गुणाजीची.

गुणाजीच्या हातात इस्पिकची पाच पानं होती, वर राजा. बदामाची दोनच. तो पानांकडे बघत राहिला, मग दौलतरावांकडे. दौलतराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, इतके एकटक की ते कोणता वार बघतायत असं वाटावं. एक मिनिट गेलं. चहा घेऊन आलेला माणूसही थांबला.

गुणाजीने बदामाची नव्वी टाकली.

दौलतरावांनी गुलाम लावला, टिपणिसांच्या राणीने तो घेतला. पण पुढे किलवरचा एक्का आला, उतरायची पाळी दौलतरावांची झाली आणि बदामं एकामागून एक पडत गेली. एक्का, राजा, दश्शी, बारकं. टिपणीस आठवर अडकले. एका हाताने बुडाले.

"कसं कळलं तुला?" दौलतरावांना राहवेना. "माझा आवाज तर..."

"आवाज लई बेस होता. कायच कललं नाय."

"म्हणजे नियम अकरा! वाचलीस ना वही?"

"नाय," गुणाजी म्हणाला. "तुझं कान लाल झालं."

टिपणिसांनी पानं टेबलावर टाकली. "काय ठरलं मग?" त्यांनी विचारलं, पण आवाजात फारशी आशा नव्हती.

"ऱ्हाऊ द्या टिपनीस साहेब. तुमाला कोन बी मिलंल. याला दुसरा कोन समजून घेनार?"

हे कौतुक की अपमान, हे दौलतरावांनी ठरवलं नाही. कानांचा प्रश्न मात्र उरला, कारण नियम तो नियम. पुढच्या शनिवारी, ऐन वैशाखात, दौलतराव घाग कानटोपी घालून सभागृहात हजर झाले. हनुवटीखाली बंद बांधलेला, वर फक्त डोळे आणि नाक. दंतवैद्याने विचारलं, "दात दुखतोय का?" दौलतराव आपल्या जागी ताठ बसले आणि पानं पिसायला घेतली.

गुणाजी दारात उभा राहून त्यांच्याकडे बराच वेळ बघत होता. मग त्याने आत येऊन पंखा पाचवर केला आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढली.