साहेबांचा रिकामा इनबॉक्स

देवासच्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचं काम बघत होते, तेव्हा ऑफिसात ई-मेल नुकती रुळली होती. आमचे साहेब पुण्याहून आलेले. "तुमचं मराठी म्हणजे हिंदीला नऊवारी नेसवलीय," असं मला पहिल्याच दिवशी ऐकवलं त्यांनी.

साहेबांना मेल वाचण्यापेक्षा ती लावून ठेवण्याचा नाद. देशागणिक फोल्डर, त्यात गिऱ्हाइकांचे, त्यांच्या पोटात आणखी. त्यांनी कॉम्प्युटरवर तसे नियमच लावून ठेवले होते; आलेली मेल आपोआप आपल्या फोल्डरात जाऊन पडे, आणि इनबॉक्स कायम रिकामा. नवी मोटार दाखवावी तसा येईल त्याला साहेब तो दाखवत. कुठे काय नवीन आलंय, हे अर्थातच त्यांना कळत नसे. ते काम माझ्या गळ्यात. रोज सकाळी त्यांच्या कॉम्प्युटरवर एकेक फोल्डर उघडायचा, न वाचलेली मेल हुडकायची आणि छापून त्यांच्या टेबलावर ठेवायची.

एका परदेशी गिऱ्हाइकाचा माल रवाना झाला, तसा साहेबांनी त्याचा फोल्डर उचलून 'संपलेले'मध्ये टाकला.

"ह्यात आता बघत बसू नका. विषय संपला."

"पण त्यांची मेल आली तर?"

"कशाला येईल? मी बंद केलाय ना."

फोल्डर बंद केला की पलीकडचा माणूस मुका होतो, असं ह्यांना खरंच वाटत होतं!

पुढे एका शनिवारी साहेब सासरच्या मंडळींना घेऊन मांडवचा किल्ला दाखवायला गेले. अकराच्या सुमारास गेटवरून चौकीदाराचा फोन आला. "मॅडम, एक गोरे साब आए हैं. बोलते हैं, खबर भेजी थी."

तेच गिऱ्हाईक. त्याला साहेबांच्या केबिनमध्ये बसवलं, पोहे मागवले आणि 'संपलेले' उघडलं. तीन मेल. येतोय. गाडी पाठवा. कुणी वाचतंय का? तो माझ्या मागेच उभा होता. वाचून हसला. माझे मात्र कान तापले. साहेबांना फोन लावला, पण ते मांडवच्या वाटेवर नालछा गावाच्या पुढे गेलेले, तिथे मोबाइल लागेना. शेवटी मीच मोडक्या इंग्रजीत त्याला कारखाना फिरवला. जाताना तो नवी ऑर्डर पक्की करून गेला.

सोमवारी सगळं ऐकून साहेब कडाडले, "पाहुण्यासमोर माझा फोल्डर उघडलातच कसा?"

"मेल त्यातच होती, सर."

"सर्व्हर बंद होता म्हणून सांगायचं! एवढं सुचू नये?"

हेड ऑफिसला त्यांनी तेच कळवलं. नवी ऑर्डरही स्वतःच्या नावावर दाखवली. वर्षाच्या आत बढती घेऊन पुण्याला परत. निरोपाच्या दिवशी गळ्यात हार घालून अर्धा तास व्यवस्थितपणावर बोलले. मी टाळ्या वाजवल्या, कचोरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेलला लावलेला एकूणएक नियम काढून टाकला.