बैल स्थिर, माणूस हललेला

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात दस्तगीरला सगळे अर्धवट म्हणत. त्यात द्वेष नव्हता, निव्वळ निरीक्षण होतं. एकोणीस वर्षांचा धडधाकट मुलगा, घरात पिढ्यान्‌पिढ्या हाती कागद करण्याचा धंदा, आणि हा भिंतीवर वाळत लावलेल्या ओल्या कागदासमोर तासभर उभा राहून त्यावरची पिंपळाची सावली बघायचा! ही सावली कागदावरच राहिली तर? एवढं एक खूळ त्याच्या डोक्यात होतं.

दुसरं खूळ गाण्याचं. कागदाच्या लगद्याला जुने दोर लागत, म्हणून वडील त्याला दोर गोळा करायला घोडेगाव, शिनोली करत पार तळेघरपर्यंत पाठवत. दोर यायचे कमी आणि चाली जास्त. तळेघरच्या बाया भात लावताना म्हणायच्या ती एक चाल तर त्याने जणू उचलूनच आणली होती. आठ मात्रांची, लपकन वळून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणारी. गाताना त्याचे डोळे आपसूक मिटत. हे डोळ्यांचं लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथेच आहे.

वडील महंमद हनीफ म्हणजे मोहल्ल्यातला दगड. थंडीच्या दिवसांत लगद्याच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून उभे राहत, चेहऱ्यावर रेघ हलत नसे. उरुसात कव्वाल गायला लागला की मोहल्ला डोलायचा, हे मात्र खांबासारखे बसून. "गाण्यानं कधी भाकर भाजली का?" हा त्यांचा एकच सवाल होता.

तिसरं खूळ पुण्याहून आलं. सावळाराम नावाचा फोटोवाला दर हिवाळ्यात लेण्यांचे फोटो काढायला यायचा आणि दस्तगीर त्याची पेटी वाहायचा. सन एकोणीसशे आठच्या हिवाळ्यात सावळारामने नवा कॅमेरा घेतला, जुना दस्तगीरला दिला. बदल्यात फोटो चिकटवायला हनीफमियांचा घोटीव कागद नेला. वर फोटो उमटवायच्या बारा काचा, त्या धुवायच्या औषधाच्या बाटल्या आणि एक अट देऊन गेला. "डोंगर कोणीही काढतो. माणसाचा एक स्वच्छ चेहरा काढून दिवाळीपर्यंत पुण्याला आण. माझ्या दुकानात तुला जागा आहे. नाही जमलं तर बापाचा हौद आहेच." सावलीत फोटो काढायचा तर भिंगावरचं झाकण काढून आठ आकडे मोजायचे, हेही शिकवून गेला.

घड्याळ कोणाकडे होतं? आणि आकडे मोजताना दस्तगीरची घाई व्हायची. त्याने अक्कल लढवली. तळेघरची चाल आठ मात्रांची. समेवर झाकण काढायचं, फिरून समेवर आली की लावायचं. गाण्याने समोरच्याची भीतीही जाते. एका दगडात दोन पक्षी!

पहिल्या काचेवर शिवनेरीचा गड आला, अगदी दगड न्‌ दगड मोजून घ्यावा असा. मग माणसं सुरू झाली. घोडेगावचा पैलवान हौशीराम आपल्या बैलजोडीसकट उभा राहिला. बैल असे आले की त्यांच्या पापण्या दिसाव्यात, आणि हौशीरामच्या मानेवर नुसता धूर. शिनोलीच्या साळुबाईची बोरमाळ मणी न्‌ मणी स्वच्छ आली, वर घुसळलेलं ताक. साळुबाई कडाडली, "आरं, माजं त्वांड कुटं ठिवलंस?"

बाजारात उंटावरच्या शहाण्यांना ऊत आला. कोणी म्हणे भिंग नासकं, कोणी म्हणे पेटी माणसाचा चेहरा खाते. दस्तगीरला मात्र दुःख करायला सवड नव्हती, इतकं त्याला हे नवल वाटत होतं. गळ्यापर्यंत ठीक आणि वर गडबड, हे कसं? भिंग वरच्या अंगाला खराब असेल म्हणून त्याने ते अर्धा फेरा फिरवून बघितलं. तेच. मग तळेघरच्या जानकूला बसवलं आणि त्याच्या डोक्याच्याच उंचीला, शेजारच्या भिंतीवर तांब्या ठेवला. तांब्या लखलखीत आला. जानकूच्या खांद्यावर धूर.

म्हणजे भिंग निर्दोष होतं. माणूसच हलत होता. का हलतो ते कळेना, पण एवढं शोधण्यात अकरा काचा गेल्या आणि दिवाळी आठ दिवसांवर आली. राहिलेल्या एका काचेसाठी न हलणारा माणूस हवा होता. असा माणूस जुन्नरात एकच होता, आणि तो घरीच राहत होता.

वडिलांना विचारायची छाती होईना. शेवटी आई, जैबुन्निसा, मध्ये पडली. "एकदा बसा की. फोटो नाय आला तर पोरगं आपल्या पायानं हौदावर येईल."

हनीफमियांना हा सौदा पटला. "नाय आला तर पेटी माळ्यावर. पुन्हा पुण्याचं नाव काडायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," दस्तगीर म्हणाला.

पडवीत हनीफमिया बसले, हात गुडघ्यांवर, नजर समोर. दस्तगीरने काच घातली, बाजूला उभा राहिला आणि गायला लागला. आयुष्यात इतकं जीव ओतून तो कधी गायला नव्हता. समेवर झाकण निघालं, डोळे मिटले, चाल फिरून समेवर आली, झाकण लागलं. डोळे उघडले तेव्हा वडील तसेच बसलेले होते. आई मात्र तोंडाला ओढणी लावून लगबगीने आत गेली.

कोठीच्या खिडकीला लाल फडकं लावून त्याने काच धुतली आणि पाहिलं तर पुन्हा धूर. तरीही त्याने ती वडिलांच्याच कागदावर, चांदीचं औषध लावून, उन्हात छापली. चुन्याच्या पाण्याने भेगाळलेली दहाही बोटं आली. सदऱ्याची गुंडी आली. वर चेहरा नव्हता. रडता रडता त्याचं कुतूहल जागं झालं. धूर आडवा नव्हता, उभा होता. भीतीने माणूस आडवा थरथरेल. हे डोकं वरून खाली आलं होतं. आणि धुराचे थर दोन होते, म्हणजे दोनदा. झाकण काढताना एकदा, लावताना एकदा.

सम!

हौशीराम, साळुबाई, जानकू, सगळ्यांनी मान डोलावली होती. बैलांना आणि तांब्याला तेवढं गाण्यातलं कळत नव्हतं. आणि आपण शहाणे डोळे मिटून उभे!

तो कागद घेऊन हौदावर गेला. "अब्बा, फोटो बिघडला. तुमी मान हलवली."

हनीफमियांनी हात पुसले. कागद आधी सवयीने उजेडाला धरून पारखला, मग चित्र बघितलं.

"तू गात व्हतास," ते म्हणाले. आरोप केल्यासारखं म्हणाले. मग नजर न उचलता, "वळताना ती जागा घेतोस ना, ती लई ग्वाड घेतोस. रोज ऐकतो हितनं."

दस्तगीरने बाह्या वर सारल्या. "कबूल केलंय. उद्यापासनं हौदावर येतो."

"हाललो मी," हनीफमिया म्हणाले. "तू कुटं हाललास? चूक माजी, आन्‌ हात तुजे कशापायी भिजायचे? जा पुण्याला."

तोच कागद घेऊन तो पुण्याला गेला. सावळारामने विचारलं, "चेहरा कुठाय?" दस्तगीरने तांब्यापासून समेपर्यंत सगळं सांगितलं. सावळाराम हसून हसून दमला, मग म्हणाला, "काच का बिघडली हे शोधणारा माणूस मला आजवर मिळाला नव्हता. झाडू घे, उद्यापासून ये. आणि दुकानात गायचं नाही."

पुढे जुन्नरच्या पेठेत दस्तगीरचं स्वतःचं फोटोचं दुकान झालं. तो आकडे मोजायचा, उघड्या डोळ्यांनी. शेकडो स्वच्छ चेहरे त्याने काढले. दारासमोरच्या भिंतीवर मात्र चौकटीत तो एकच बिघडलेला फोटो होता. गिऱ्हाईक विचारायचं, "पावणं, हे कोण? चेहरा तर दिसंना."

"आमचे अब्बा," दस्तगीर सांगायचा. "माझं गाणं ऐकतायत."