मालिका सांगणाऱ्या फुमीबाई

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस सकाळी साडेसातला फुमीबाई मुलाच्या स्कूटरवरून उतरायच्या, वजनकाट्यावर उभ्या राहायच्या आणि पाच नंबरच्या खाटेवर डावा हात पसरून पडायच्या. तैवानातल्या चियाई शहरातल्या त्या डायलिसिसच्या वॉर्डात बारा खाटा होत्या. सुया टोचल्या की चार तास हलायचं नाही. अंगातलं रक्त यंत्रातून धुऊन परत येईपर्यंत माणसानं करायचं तरी काय? नव्या माणसाला भीतीनं झोप येत नाही, जुन्याला कंटाळ्यानं येत नाही. म्हणून दहाच्या ठोक्याला भिंतीवरचा टीव्ही लागायचा, जपानी मालिका सुरू व्हायची आणि तिच्याबरोबर फुमीबाईंचं तोंडही सुरू व्हायचं.

मालिकेतली माणसं जपानीत बोलत आणि खाली चिनी अक्षरं पळत. वॉर्डातल्या निम्म्या बायका शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या आणि उरलेल्यांचे डोळे साखरेच्या आजारानं गेले होते. फुमीबाई कान देऊन ऐकत आणि लगोलग आपल्या तैवानी बोलीत सांगत. पडद्यावरचा बाप ओरडला तर यांचाही आवाज चढे, पोरगी कुजबुजली तर याही कुजबुजत. बाराच्या बारा खाटा गप्प होऊन ऐकत.

जपान्यांच्या राज्यात फुमीबाई सहा यत्ता शिकल्या होत्या. वर्गात त्यांचा पहिला नंबर असे. तेराव्या वर्षी लढाई संपली, जपानी गेले, चीनहून नवं सरकार नवी भाषा घेऊन आलं आणि पहिल्या नंबराची ती मुलगी एका वर्षात अडाणी ठरली. नवी भाषा जिभेवर बसली नाही आणि जुनी चारचौघांत बोलायची सोय राहिली नाही. मग शिवणाचं मशीन घेतलं. चाळीस वर्षं त्यांनी नवऱ्या मुलींचे कपडे शिवले, तेही ओठांत टाचण्या धरून. बाई घुमी आहे, असं गिऱ्हाइकं म्हणत.

साठीच्या घरात असताना घरी केबल आली. पहिल्याच संध्याकाळी टीव्हीतली कोणी एक बाई दारातून आत येत "आले गं" असं जपानीत म्हणाली आणि फुमीबाईंच्या हातातली इस्त्री जिथल्या तिथं थांबली. गिऱ्हाइकाचा ब्लाउज जळला. सून धावत आली, तर सासूबाई जळक्या कापडापुढं बसून रडत होत्या, आणि रडता रडता हसत होत्या. ज्या भाषेत आपण हुशार होतो ती भाषा पन्नास वर्षांनी घरी परत आली होती, आता कुणाची आठवण म्हणून नव्हे, तर रोज संध्याकाळी सातला.

तेव्हापासून बाईंना जे वेड लागलं ते लागलंच. दिवसाला तीन मालिका, कोणता नट कुणाबरोबर शोभतो याची ठाम मतं, आणि शिवणाच्या खणात टाचण्यांच्या जागी कॅसेट. एकच चाल जपानी गायिकेच्या गळ्यात, मग तैवानी बाईच्या, मग हाँगकाँगच्या पोऱ्याच्या, अशी तीन कॅसेटींवर लागोपाठ ऐकायची आणि कुणी चालीचं वाटोळं केलं ते ठरवायचं, हा त्यांचा दुपारचा उद्योग. निकाल बहुधा हाँगकाँगच्या विरोधात जाई.

सांगण्याचा मात्र त्यांचा एक नियम होता. पडद्यावरचं माणूस बोललं तेवढंच सांगायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. त्यांची जपानी तेरा वर्षांच्या मुलीची होती. कोर्टकचेरीचं, कंपनीचं बोलणं आलं की त्या सरळ "हे मला कळलं नाही" म्हणून मोकळ्या होत. मला वाटतं, वॉर्डाचा विश्वास बसला तो या एका वाक्यामुळं.

सहा नंबरच्या खाटेवर बोंग-ची होती, वय बहात्तर. गावाकडं पाचवी मुलगी झाली की हे नाव ठेवत. त्याचा अर्थ, आता आलीच आहे तर वाढवू कशीतरी. आपल्याकडं नकोशी म्हणतात ती हीच. नकोशीनं आयुष्यभर अननसाच्या शेतात राबून चार पोरं वाढवली आणि जीभ तलवारीसारखी ठेवली. पाच वर्षं दोघी शेजारी पडून होत्या.

"काय गं मास्तरीण, जरा गोड करून सांगितलंस तर तुझ्या बापाचं काय जातं?" बोंग-ची म्हणायची.

"ते बोलले तेवढंच सांगणार मी, अक्का."

"मग ते बोलतात कमी. पैसे वाया चाललेत त्यांचे."

मालिकेच्या शेवटी गाणं लागलं की बोंग-ची मोठ्यानं गायची. शब्द येत नसत, म्हणून मनाला येईल ते घालायची, त्यात अननस असत, सुना असत, एकदा तर नर्सची नवी चप्पलही आली. नर्स पेइ-चेन तैपेईतल्या कुठल्याशा गाणाऱ्या पोरांवर जीव टाकून होती. ती म्हणायची, "मावशी, या गाण्यापेक्षा आमच्या पोरांची गाणी बरी." आणि बोंग-ची म्हणायची, "त्या पोरांना आधी जेवायला घाल. बरगड्या मोजता येतात."

त्या वर्षी पानगळीच्या सुमारास बोंग-चीच्या दोन्ही हातांच्या शिरा निकामी झाल्या. मानेत घातलेली नळी दोनदा पिकली. आता मांडीत कापून सुईला वाट करू, असं डॉक्टर म्हणाले. बोंग-चीनं मुलांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, "पुरे. मला घरी न्या. मला पेलाभर चहा प्यायचाय, तुमचा मोजून दिलेला घोटभर नव्हे." शुक्रवारी शेवटचं डायलिसिस झालं. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, आठ दिवस, फार तर बारा.

सोमवारी नवी मालिका लागली. दहा भागांची, शनिवार-रविवार सोडून रोज एक. म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी संपणार. पेइ-चेननं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग फुमीबाईंकडं पाहिलं. बोंग-चीच्या शेवटच्या डायलिसिसपासून चौदा दिवस होत होते. वॉर्डात सगळ्यांनीच तो हिशेब मनात केला असावा, कारण त्या दिवशी गाणं लागलं तेव्हा कुणी कुणाकडं बघेना.

सकाळचाच भाग संध्याकाळी सातला परत लागायचा. फुमीबाईंनी मुलाला सांगितलं, "मला रोज बोंग-चीच्या गावी सोड." मुलगा म्हणाला, "आई, तुझी तब्येत..." त्या म्हणाल्या, "तिथंही बसायचंच आहे. इथं बसले काय, तिथं बसले काय."

बोंग-चीची खाट बाहेरच्या दालनात, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढं आणून ठेवली होती. माणूस जायला टेकलं की खाट तिथं आणतात, हे तिथल्या पोराबाळालाही ठाऊक असतं. सुना डोळे पुसत होत्या. बोंग-चीनं झापलं, "टीव्ही इथं आहे म्हणून मी इथं आलेय. रडायचं तर आत जाऊन रडा, ऐकू येत नाही."

मालिका साधी होती. उत्तरेकडच्या बर्फाच्या बंदरगावात कुराता नावाचा पन्नाशीचा बसड्रायव्हर. रोजची शेवटची फेरी संपली की तोमिए नावाच्या विधवेच्या दुकानात वाडगाभर शेवया खातो, पैसे ठेवतो, जातो. तिच्यावर जीव आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाही. तिचाही त्याच्यावर आहे. बस, एवढंच. बोंग-चीला दुसरं काही नको होतं. हा मेला बोलतो की नाही, तेवढं तिला कळायला हवं होतं.

पहिला आठवडा ती बसून ऐकत होती. दुसऱ्या सोमवारी आडवी झाली, अंगाला खाज सुटलेली, शब्द जड. मंगळवारी मधूनच डोळा लागायचा. फुमीबाई थांबायच्या, जाग आली की सुटलेलं सांगायच्या. बुधवारी आठवा भाग झाला. कुराता दारात उभा राहिला, टोपी काढली, म्हणाला, "यंदा बर्फ लवकर पडला." आणि गेला. फुमीबाईंनी तेवढंच सांगितलं.

"आठ भाग," बोंग-ची डोळे मिटूनच म्हणाली. "आठ भागांत मी मरायला टेकले, आणि या दगडाला बर्फ सुचतोय." मग तोंड फुमीबाईंकडं वळवलं. "शेवट काय गं, मास्तरीण?"

"परवा कळेल, अक्का."

"परवा मी नाही." शेजारणीला आपण घरी नसल्याचं सांगावं तशा आवाजात ती म्हणाली. "तू सांग."

फुमीबाईंना शेवट माहीत नव्हता. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. पाच वर्षं त्या असंच खरं बोलत आल्या होत्या, आणि बोंग-ची इतरांवर नव्हे, त्यांच्यावर विसंबली होती ती त्यासाठीच. त्यांनी तोंड उघडलं आणि निघालं ते असं :

"लग्न झालं त्यांचं."

"हो? कसं?"

कसं, हे फुमीबाईंना सांगता येईना. खोटं बोलायची सवय नव्हती. लग्नं त्यांनी पाहिली होती ती तैवानातली, ज्यांचे कपडे शिवले त्यांची. म्हणून त्या तेच सांगू लागल्या. रस्त्यावर मांडव घातला. बारा टेबलं लावली. कुरातानं बस धुतली, तिला लाल फीत बांधली आणि स्वतःच चालवत आणली. तोमिए खिडकीपाशी बसली. बस निघाली तशी तिच्या थोरल्या भावानं मागून घमेलंभर पाणी ओतलं. "आणि मग तोमिएनं खिडकीतून पंखा खाली टाकला."

माहेर सोडताना नवरी पंखा टाकते, म्हणजे तिचा वाईट स्वभाव माहेरी राहतो. असं तिकडं घरोघर करतात. जपानात करत नाहीत, आणि फुमीबाईंच्याच तोंडून शंभर जपानी लग्नं ऐकलेल्या बोंग-चीला ते माहीत होतं. तिनं डोळे उघडले. फुमीबाईंकडं टक लावून पाहिलं. फुमीबाईंना कानापर्यंत गरम झालं.

"पंखा," बोंग-ची म्हणाली.

"हो."

"एवढ्या बर्फात."

"हो, अक्का."

बोंग-चीच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं डोळे परत मिटले, हात चाचपडत पुढं केला आणि फुमीबाईंच्या मनगटावर ठेवला.

"बरं. आणि जेवायला काय काय होतं? नीट सांग. घाई करू नकोस."

तिकडं लग्नाच्या जेवणात बारा पदार्थ असतात, ते फुमीबाई एकेक करून सांगू लागल्या. थंड मांसाचं ताट. कोंबडीचं सूप. अख्खा मासा, आल्यात वाफवलेला. खेकड्याचा चिकट भात. बोंग-ची मध्ये एकदा "मीठ बरोबर होतं?" एवढं म्हणाली. नवव्या पदार्थाला तिचा श्वास लांब आणि संथ झाला. फुमीबाई थांबल्या. जाग आली की पुढचं सांगू, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या, मुलगा स्कूटर घेऊन येईपर्यंत.

जाग आली नाही. गुरुवारी दुपारी तीनला सुनेचा फोन आला.

शुक्रवारी फुमीबाई वजनकाट्यावर उभ्या राहिल्या, पाच नंबरवर पडल्या, हात पसरला. पेइ-चेननं सुया लावल्या. "मावशी, आज नाही सांगितलंत तरी चालेल," ती हळूच म्हणाली. फुमीबाईंनी नकारार्थी मान हलवली. दहाला टीव्ही लागला आणि त्यांनी सांगितलं, पहिल्या शब्दापासून. तो बसमार्ग बंद झाला. कुरातानं रिकामी बस शेवटची फिरवली, दुकानात आला, वाडगा संपवला. तोमिए पाठमोरी कांदा चिरत होती. "छान होतं," तो म्हणाला. ती म्हणाली, "परत या." तो गेला. गाणं लागलं.

"एवढंच?" आठ नंबरवरचे ग्वोकाका चिडून म्हणाले. "बोललाच नाही?"

"नाही बोलला."

गाणं संपलं. गाणारं कुणी नव्हतं, तेव्हा कुठं चार नंबरवरच्या म्हातारीनं विचारलं, "बोंग-ची घरी कशी आहे?"

पेइ-चेन पट्ट्या आवरता आवरता म्हणाली, "तिनं शिफ्ट बदलून घेतली, आजी. मंगळवार-गुरुवारची."

वॉर्डात कुणी गेलं की असंच सांगायची रीत होती. सगळ्यांना त्याचा अर्थ कळे आणि सगळे "बरं बरं" म्हणत. या वेळीही दोघातिघांनी म्हटलं.

"नाही बदलली," फुमीबाई म्हणाल्या. मालिका सांगतानाचाच आवाज होता. "बोंग-ची मेली. काल दुपारी, घरी, देव्हाऱ्यापुढं. पोरं जवळ होती."

पेइ-चेन पट्टी हातात धरून उभी राहिली. तिनं त्यांना अडवलं नाही.

"तिला शेवट कळला का?" ग्वोकाकांनी विचारलं. बारा खाटांना हेच विचारायचं होतं.

"नाही. तिनं बुधवारी विचारला. मी खोटा सांगितला. त्यांचं लग्न लावलं."

"पटला तिला?"

"छे. लगेच ओळखलं तिनं." फुमीबाईंचा आवाज इथं फुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्या वॉर्डापुढं रडत होत्या, एक हात यंत्राला बांधलेला, दुसऱ्यानं डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "ओळखलं, आणि मग मला म्हणाली, जेवायला काय काय होतं ते सांग. बारा पदार्थ होते. मी नऊ सांगितले. तीन राहिले."