अचूक वेळेची पाटी

सांगलीत पेठेच्या मागच्या गल्लीत जिनपालअण्णा मगदुमांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दारावर पाटी होती: 'येथे अचूक वेळ मिळेल.' वेळ फुकट मिळायची, अचूकपणावरचं भाषण मात्र ऐकून घ्यावं लागायचं. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळावरून अण्णा साऱ्या गल्लीची घड्याळं लावून द्यायचे. शेजारी गुंडाच्या सलूनमधल्या रेडिओवर बातम्या रोज दहा मिनिटं उशिरा लागायच्या. रेडिओवाले आळशी आहेत, असं गल्लीचं ठाम मत होतं. एसटी तर कुणाला कधी वेळेवर मिळालीच नाही. अण्णांच्या घड्याळावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

अठ्ठ्याण्णव साली अण्णांचा पुतण्या सम्मेद लॅपटॉप घेऊन मुक्कामाला आला. द्राक्षबागांची औषधं विकणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. दिवसभर आटपाडीकडं फिरायचं आणि घरी आलं की फोनची वायर जोडून ऑर्डरी पुण्याला पाठवायच्या. लाखाची वस्तू, पण तिचं घड्याळ मागं पडायचं. सम्मेद रोज संध्याकाळी दुकानातल्या घड्याळावरून ते लावायचा आणि सकाळी बघावं तर पुन्हा दहा मिनिटं मागं.

अण्णांना इतका आनंद मुलाच्या बारशालाही झाला नसेल. "लाख रुपयं घालून वेळबी कळंना व्हय रं?"

"सेल गेला असंल, अण्णा."

"दे इकडं. हे मी सरळ केलं न्हाई, तर ती पाटी माझ्या हातानं उतरवीन."

गुंडानं वस्तरा थांबवून हे ऐकलं, म्हणजे गल्लीला कळलं.

तीन दिवस अण्णा डोळ्याला भिंग लावून लॅपटॉपच्या पोटात शिरले होते; रात्री तेवढा सम्मेद तो ऑर्डरी पाठवायला घरी न्यायचा. सेल बदलला, दहा मिनिटं मागं. दुसरा घातला, पुन्हा दहाच. इथं मात्र अण्णांच्या मनात शंका आली. बिघडलेलं घड्याळ कधी पाच मिनिटं मागं पडतं, कधी बारा. रोज मोजून दहा मिनिटं मागं पडणारं घड्याळ त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"फोन जोडतोस तवा हे पुण्याच्या मशीनशी काय बोलतं?"

"ऑर्डरी देतं. आणि वेळ त्याच्याशी जुळवून घेतं," सम्मेद म्हणाला. एवढा शिकलेला माणूस, पण हे त्याला विचारल्यावर आठवलं.

अण्णा लॅपटॉप उचलून सलूनमध्ये गेले. सकाळच्या बातम्यांआधीचे ठोके वाजले. लॅपटॉपवर बरोबर सात. अण्णांच्या भिंतीवर सात वाजून दहा मिनिटं. गुंडा साबणाचा ब्रश धरून बघतच राहिला.

गुडघ्यांमुळं अण्णांना स्टुलावर चढवत नव्हतं. घड्याळाला दर शनिवारी चावी द्यायला त्यांची बायको गुणमाला यायची. अण्णा तसेच घरी गेले.

"काटा कुणी सरकवला?"

"मी," भाकरी थापता थापता गुणमाला म्हणाली. "बारा वरसं झाली. दिवस मावळल्यावर न जेवायचा जैनांचा नेम तुमी पाळता. पण गिऱ्हाइकाशी बोलत बसायचं, उशीर करायचा आणि उपाशी झोपायचं. आठवड्यात चार-चार दिस. मला बघवंना. काटा पुढं सारला, तवापासनं उजेडात घरी येताय."

अण्णा भयंकर चिडले. दुकानात येऊन त्यांनी शब्दाप्रमाणं पाटी उतरवली, सम्मेदला स्टुलावर चढवून काटा जागेवर आणला. आता सगळं अचूक झालं. त्या संध्याकाळी अण्णांनी अचूक वेळेला दुकान बंद केलं, वाटेत भेटलेल्या दोघांना अचूकपणाचं महत्त्व पटवलं आणि घरी पोचले तेव्हा दिवस मावळला होता.

सम्मेद जेवून उठला होता; स्वयंपाकघरात दोन ताटं झाकलेली होती.

"तू तरी जेवायचंस," अण्णा म्हणाले.

"आवं, काटा सरकवायच्या आधी तरी मी तुमच्याबिगर कवा जेवले हुते?"

हे अण्णांना माहीत नव्हतं. ज्याला सगळ्या गल्लीची वेळ ठाऊक, त्याला बायको किती संध्याकाळी उपाशी झोपली याचा पत्ता नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अण्णा दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः स्टुलावर चढले आणि सगळ्यांच्या देखत काटा दहा मिनिटं पुढं सारला.

गुंडानं विचारलं, "अण्णा, मग आता बरोबर वेळ कुणाला विचारायची?"

"रेडिओला विचार, लॅपटॉपला विचार," अण्णा खाली उतरत म्हणाले. "हे आमच्या जेवणाचं घड्याळ हाय."