सहीपुरतं माणूस

"मावशी, पेशंटच्या घरचं कोण आलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणी न्हाई. मीच हाय."

"तुम्ही आया. आयाची सही चालत नाही."

मार्टा मॅडम स्ट्रेचरवर होती. न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. वय सत्तरच्या पुढं. कुठल्याशा थंड देशातली. पेन्शन तिकडची, राहणं बीदरमध्ये. तेवढ्या पेन्शनमध्ये तिकडं एक खोली मिळत नव्हती म्हणे. इथं वरचा आख्खा मजला, गच्ची, स्वयंपाकाला बाई, आणि गुडघे धरल्यापासून मी.

मी पेशंट सांभाळते. शाळा चौथीपर्यंत. आजवर कितीतरी म्हातारी माणसं उठवली, धुतली, काहींना पोचवलं. खुबा मोडला की पुढं काय होतं ते मला पाठ आहे. ऑपरेशन लवकर झालं तर माणूस काठीवर चालतं. नाही झालं तर पडून राहतं. पडून राहिलं की बेडसोर होतात, म्हणजे पाठीची कातडी कुजून खड्डे पडतात. छातीत कफ साठतो. मग हाड राहतं बाजूला, माणूस कफानं जातं.

मॅडम शुद्धीवर होती. "मी सही करते, पैसे भरते," म्हणाली. ती हिंदी बोलायची. मी मराठीत लिहिते.

डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. "तिची सही घेऊच. पण परदेशी बाई आहे. टेबलावर काही झालं तर पोलीस येणार, एम्बसी विचारणार. गावातला एक जबाबदार माणूस सहीला पाहिजे. आणि रक्त. ग्रुप निगेटिव्ह आहे, इथं नाही. कलबुर्गीहून आणायला कुणालातरी पाठवा, बदल्यात स्वतःचं रक्त देईल असं."

"मी करते सही."

"मावशी, उद्या पोलिसांना मी तुमची सही दाखवू का?"

मी गल्लीत गेले. घरमालक शिवराज अण्णा कट्ट्यावर बसला होता.

"अण्णा, दवाखान्यात एक सही पायजे."

"मी कामून करू? मी तिचा कोण?"

"घरमालक हाव की."

"म्हणून भाडं घेतलं. इतकी वर्षं वर राहायलीय, एकदा खाली चहाला आली न्हाई. पोरीच्या लग्नात पाकीट पाठवलं, सोता आली न्हाई. आन् आता सही? पोलीस माझ्या दारात येतील. जमत न्हाई."

समोर शरणम्माचं किराणा दुकान. तिचा लेक मोटारसायकलवर कलबुर्गीला जाऊन आला असता. मी तेवढंच मागितलं.

"पहिल्या वर्षी मी तिला होळग्या पाठवल्या," शरणम्मा म्हणाली. होळग्या म्हणजे पुरणपोळ्या. "काय केलं म्हाईताय? डबा धुवून माघारी पाठवला, आत नोट. मी काय हाटेल काढलंय व्हय?"

"तिला कळलं न्हाई ग."

"कळलं न्हाई तर इचारायचं हुतं. मी पुन्यांदा पाठवलं न्हाई. कामून पाठविना म्हणून तिनं बी इचारलं न्हाई. लेक हुमनाबादला गेलाय. फोन लागला तर सांगते."

फोन लागला नाही. किंवा लावला नाही.

अण्णाच्या सुनेनं मॅडमच्या बहिणीला तिकडं फोन केला. इंग्रजीत बराच वेळ बोलली.

"काय म्हणली?"

"बिल पाठवा म्हणली. आन् तिथं राहायचं तिचं तिनं ठरवलं हुतं, म्हणली."

दवाखान्यात मी कुशी बदलत राहिले. कुशी बदलणं म्हणजे थोड्या थोड्या वेळानं पेशंटला या अंगावरून त्या अंगावर करणं, भार एकाच जागी राहू नये म्हणून. मोडक्या खुब्याला ते नीट होत नाही. हलवलं की मॅडम ओरडायची. नाही हलवलं की कातडी लाल व्हायची.

"गल्लीतलं कोणी आलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मी कुणाचं काही बाकी ठेवलं नाही. ज्यानं जे केलं, त्याचे पैसे त्याच दिवशी दिले."

"तेच चुकलं," मी म्हणाले. "थोडी बाकी त्यांची तुमच्याकडं ऱ्हायला पायजे हुती, थोडी तुमची त्यांच्याकडं. सगळं मिटवून टाकल्यावर माणूस कामून येईल?"

ती म्हणाली, "आधी सांगायचंस."

"तुम्ही कधी इचारलं? मला बेडपॅन द्यायला ठेवलेलं."

डॉक्टर आता 'रेफर' म्हणायला लागले. रेफर म्हणजे कागद करून मोठ्या दवाखान्यात पाठवणं. खरा अर्थ, आमच्या गळ्यातून काढा. हैदराबादला फोन केला. त्यांनीही पहिल्यांदा विचारलं, सोबत कोण आहे.

असे चार-पाच दिवस गेले. शेवटी अण्णा आला. सुनेनं टोचून टोचून आणला. कुठं सही करायची ते विचारलं आणि केली. शरणम्माचा लेक रक्त घेऊन आला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मॅडमची छाती तपासली आणि बाजूला झाले.

"न्युमोनिया आहे. भूल दिली तर टेबलावरच जाईल."

सगळं जमलं तेव्हा पेशंट ऑपरेशनच्या लायकीचा राहिला नव्हता. पुढं मी फक्त तोंड पुसत होते आणि ऑक्सिजनचा मास्क सरळ करत होते. एका दुपारी तेही काम संपलं.

बहिणीनं कळवलं, तिकडंच करा. पोलिसांचे कागद झाले. दफनाला सारी गल्ली आली. अण्णानं जीप केली. शरणम्मा मोठ्यानं रडली. पेटीला खांदा द्यायला माणसं एकमेकांना सरकवत होती. खांद्याला सही लागत नाही.

बीदर स्वस्त आहे म्हणतात. आहे. अर्धी कामं इथं माणसं एकमेकांची फुकट करतात, म्हणून आहे. त्या फुकटाचे हप्ते असतात. लग्नाला जाऊन, मयताला बसून, आलेली पोळी खाऊन ते वर्षानुवर्षं भरावे लागतात. पडल्यावर एकदम भरू म्हटलं तर कोणी घेत नाही.

मॅडमकडं पैसे होते. ते शेवटपर्यंत पुरले.